सरासरीत न दिसणारा वारा

कॅनडाहून परतल्यापासून भेटणारा प्रत्येक जण धबधब्याचे विचारतो. धबधबा मी पाहिला नाही. ज्याची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात वाहते पाणी मोजण्यात गेली, त्याने तिथवर जाऊन तेवढेच पाहू नये, हे लोकांना चमत्कारिक वाटते. निघताना माझ्याही मनात ते होते. परंतु तिथे माझा सारा वेळ सायकलचे एक चाक आणि त्याभोवतीचा वारा पाहण्यात गेला, आणि त्यानंतर धबधब्याची आठवण मला विमानातच झाली. कराडातल्या माझ्या स्नेह्यांपैकी कोणी तिकडे जाईल असे वाटत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो.

ग्वेल्फ

माझी मुलगी केतकी ग्वेल्फला राहते. गाव विद्यापीठाचे, नीटनेटके, दगडी चर्चचे. सप्टेंबर अखेरीस झाडांची पाने शेंड्याकडून लाल होऊ लागली होती. लाल म्हणजे आपल्या पिंपळाच्या पालवीचा तांबूसपणा नव्हे. कुंकवाचा करंडा कलंडावा तसे. तिथले लोक त्याकडे थांबून पाहतात. कामाला जाणारी माणसे पदपथावर उभी राहून झाड पाहत आहेत, हे दृश्य मी आपल्याकडे पाहिलेले नाही.

जावई तेजस नागपूरचा. तो संगणक कंपनीत आहे आणि बहुतेक काम घरूनच करतो. पहिल्याच संध्याकाळी जेवताना त्याने मला घरातील परिस्थिती सांगितली.

"बाबा, तुमची पोरगी महिनाभर वारा शिजवून राहिली. अजून कच्चाच आहे म्हणते."

"कच्चा नाहीये," केतकी म्हणाली. "शिजलाय. खायला कोणी तयार नाही."

"मी तर रोज खाऊन राहिलो. नाश्त्याला वारा, जेवायला वारा."

केतकी हसली नाही. तिने मला विषय सांगितला तो असा. ती ज्या छोट्या कारखान्यात काम करते तिथे शर्यतीच्या सायकलींची चाके बनतात. अशा चाकाची रिम खोल असते. आपल्या सायकलीची रिम दोन बोटांची. हिची चार-पाच बोटांची. खोल रिम समोरची हवा सुबकपणे कापते, त्यामुळे सायकल त्याच श्रमात अधिक वेगाने जाते. दोष एकच. वारा बाजूने आला की ती शिडासारखी वागते.

कारखान्याने नवे पुढचे चाक तयार केले होते. मोठ्या पंख्यांनी वारा सोडतात अशा भाड्याच्या 'वाऱ्याच्या बोगद्यात' नेऊन त्याची परीक्षा झाली होती आणि ते उत्तम ठरले होते. मात्र केतकीने त्याच चाकाची प्रतिकृती संगणकात उभी करून तीवर बाजूचा वारा सोडला, तेव्हा तिला काही निराळे दिसले. तिच्या मते हे चाक विशिष्ट कोनातील वाऱ्यात हँडल हातातून हिसकावून घेईल.

"आणि पुढच्या रविवारी इझाबेल ते लावून शर्यतीत उतरणार आहे," ती म्हणाली.

इझाबेल मॉन्ट्रियलची. केतकी तिथे शिकत असताना दोघी एका घरात राहिल्या होत्या. तिचे वय अडतीस. ह्युरॉन सरोवराच्या काठी होणाऱ्या त्या शर्यतीतून पहिल्या तिघींची पुढच्या निवडीसाठी नावे जाणार होती. या चाकाने वाचणारे क्षण तिला हवे होते. ते चाक तिच्यापर्यंत केतकीनेच पोचवले होते, बोगद्याचा निकाल आला त्या आठवड्यात.

"मग तिला नको म्हणून सांग," मी म्हणालो.

"सांगितलं बाबा. ती म्हणते, चित्र दाखवून मला घाबरवू नकोस."

माझे मत मात्र इझाबेलच्या बाजूचे होते. आमच्या खात्याच्या संशोधन केंद्रात धरणाच्या सांडव्याची विटा-सिमेंटची लहान प्रतिकृती बांधून तीवरून खरे पाणी सोडत असू. पाणी जे करील ते खरे. आकडेमोडीने पाण्याला काय करायचे ते सांगू नये, असे माझे वरिष्ठ म्हणत आणि पुढे मीही म्हणू लागलो. बोगद्यातला वारा खरा होता. पडद्यावरचा नव्हता.

कारखान्यात

दुसऱ्या दिवशी केतकी मला कारखाना दाखवायला घेऊन गेली. मालकाचे नाव गॉर्डन. साठीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा, एकेकाळचा सायकलपटू. सर्वजण त्याला नावानेच हाक मारतात; झाडणारा मनुष्यसुद्धा. त्याने स्वतः माझ्यासाठी कॉफी केली, माझ्यासमोर बटर टार्ट नावाचा पदार्थ ठेवला आणि मी खाईपर्यंत उभा राहिला. वाटीएवढी खुसखुशीत पारी, आत गुळाच्या कच्च्या पाकासारखा गोड लगदा. आपल्याकडे असा पाक झाला तर बाई म्हणेल, बिघडला. तिथे तो जितका ओघळेल तितका चांगला, आणि त्यात मनुके असावेत की नसावेत यावरून घराघरांत वाद आहेत. मी दोन खाल्ले.

गॉर्डनने तसेच एक चाक माझ्या हातात दिले. काळे, गुळगुळीत, वजनाने फुलासारखे. मी ते फिरवले. आवाज नाही. इतकी निर्दोष वस्तू मी क्वचित हाताळली आहे.

"तुमची मुलगी फार हुशार आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "पण चाकाला बोगद्यात मी स्वतः पाहिलंय. तासभर वारा खाल्ला त्यानं. काटा जागचा हलला नाही."

"काटा हलला नाही, कारण तुम्ही त्याला हलू दिलं नाही," केतकी म्हणाली. "सरासरी घेतली."

"सगळेच घेतात."

"तेच म्हणतेय मी. सगळेच घेतात."

हा मुद्दा समजायला मला वेळ लागला. वाचकांना लागू नये म्हणून सांगतो. बोगद्यात चाक एका मजबूत खांबाला घट्ट बसवतात, फिरवतात आणि त्यावर ठराविक कोनातून वारा सोडतात. खांबाखालचा काटा बाजूचा दाब आणि हँडल वळवू पाहणारी ओढ मोजतो. काट्याचे आकडे सतत थरथरतात, म्हणून अर्ध्या मिनिटाची सरासरी काढून तेवढीच कागदावर उतरवतात. या धंद्यातली ती सर्वमान्य रीत आहे. केतकीने मूळ थरथरते आकडे मागवले होते. बोगदावाल्यांनी ते ठेवलेच नव्हते. कोणी कधी मागत नाही.

मला आमची नळी आठवली. कालव्यातली पातळी मोजताना लाटांचा उपद्रव होतो, म्हणून काठाशी एक उभी नळी बसवून तिला तळाशी बारीक छिद्र ठेवतात. नळीतले पाणी शांत असते. पातळी तिथे वाचायची. अशी नळी बसवलेल्या एका कालव्याचा लोखंडी दरवाजा रात्रंदिवस धडधडत असे आणि नळीतले पाणी मात्र देवघरातल्या तांब्यासारखे स्थिर. आम्हा सर्वांना ते ठाऊक होते. आकडा बरोबर होता. दरवाजाही खराच हलत होता.

हे मी केतकीला गाडीत सांगितले.

"बाबा! हे तुम्ही गॉर्डनसमोर का नाही बोललात?"

"मला विचारले नव्हते."

तिने रस्त्याकडे पाहत मान हलवली. "चला, तुम्हाला दाखवतेच."

पडद्यासमोर

तिच्या घराच्या तळघरात दोन पडदे आहेत. हिशेब मात्र तिथे होत नाही. तो दूर मॉन्ट्रियलमधल्या यंत्रांवर चालतो आणि एका उत्तराला दोन-अडीच दिवस लागतात. पुढचे वर्णन मी शक्य तितके आवरून करतो.

प्रथम तिने चाकाभोवतीची मोकळी जागा दाखवली. ती रिकामी नव्हती. बारीक बारीक कप्प्यांनी ती भरली होती, रवाळ तुपासारखी. रिमेपासून दूर कप्पे मोठे. जवळ येताना लहान होत जाणारे. रिमेच्या अंगाशी इतके पातळ की केस त्यांच्यापुढे दोरखंड वाटावा. असे काही कोटी कप्पे. प्रत्येक कप्प्यातली हवा शेजारच्या कप्प्याला किती ढकलते हे यंत्र मोजते; मग वेळ पापणी लवण्याच्या शतांशाहूनही कमी पुढे सरकवते आणि सगळे पुन्हा मोजते. चाकासकट कप्प्यांची एक चकती फिरत राहते, बाहेरचे कप्पे स्थिर, आणि दोहोंच्या सीमेवरून हवा इकडून तिकडे बिनतक्रार जाते.

"यातला एकही कप्पा चाकाला ओळखत नाही," केतकी म्हणाली. "त्याला फक्त शेजारी माहीत. तरी बघा काय होतं ते."

तिने कळ दाबली.

हवेला रंग दिलेला होता. निळी शांत हवा समोरून आली, टायरला लागली आणि दुभंगली. मी आयुष्यभर पाण्यात रंग सोडून हेच पाहत आलो. पण आमचा रंग क्षणात मिसळून जाई. काचेतून एका बाजूने दिसे तेवढेच आमचे. इथे मुलीने बोट फिरवले की आम्ही रिमेच्या आत, आऱ्यांच्या मधून, चाकाच्या पलीकडे. वारा थांबवावा, मागे न्यावा, पुन्हा सोडावा. प्रत्येक आऱ्यामागे केसासारखी भोवऱ्यांची शेपटी. चाकाचा माथा सायकलीच्या दुप्पट वेगाने वाऱ्यावर चालून जात होता, म्हणून तिथे हवा लाल, उसळलेली. जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता अगदी स्थिर असतो. तिथे हवा निजलेली. सायकल मी पन्नास वर्षे चालवली. माझ्या पायाखाली हे चालले होते.

"आता बाजूचा वारा," ती म्हणाली.

वारा डावीकडून तिरपा झाला. चाकाच्या पुढच्या अर्ध्या भागाला तो हँडल एका दिशेला वळवायला सांगतो, मागच्या अर्ध्या भागाला बरोबर उलट दिशेला. दोघांची रस्सीखेच चालते आणि बहुधा बरोबरी होते; त्यामुळे हात सुखी राहतो. कोन वाढत गेला तशी पुढच्या भागाच्या आडोशाकडची हवा रिमेला धरून राहीना. ती सुटली. एक मोठा भोवरा रिमेवरून साल निघावी तसा निघाला आणि मागे वाहून गेला. तो निघताच पुढच्या भागाची पकड गेली आणि मागच्याने हँडल आपल्याकडे ओढले. लगेच हवा पुन्हा चिकटली, पुढचा भाग जिंकला. पुन्हा भोवरा सुटला. शेजारच्या आलेखावरची रेघ वर, खाली, वर, खाली.

"हिची सरासरी काढा," केतकी म्हणाली.

ती शून्याच्या जवळ होती.

मी खुर्चीवर बसलो होतो तो तसाच राहिलो. कोणी पाहिला नव्हता असा वारा समोर चालू होता आणि तो कोणाच्याही अंगाला लागत नव्हता. थोड्या वेळाने मी तिला तो भोवरा पुन्हा दाखवायला सांगितले. तिने दाखवला. मी आणखी एकदा सांगितले.

वरून तेजस ओरडला, "बाबा, पोळ्या थंड होऊन राहिल्या! काय करून राहिले खाली?"

"बाबा वारा खातायत," केतकी म्हणाली.

सरोवराकडे

इझाबेल गुरुवारी आली. बारीक चणीची, कातळासारख्या पोटऱ्यांची, भराभर बोलणारी. तिने केतकीच्या दोन्ही गालांना गाल लावले, मला मात्र हात जोडून नमस्कार केला. तो केतकीने पूर्वीच शिकवलेला. चित्र तिने पाहिले.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण मी चित्रावर बसत नाही, केतकी. सायकलवर बसते."

"मग बस सायकलवर. शर्यतीच्या रस्त्यावर, शर्यतीच्या आधी. गॉर्डनही येऊ दे."

"आणि काही झालं नाही तर?"

"तर मी रविवारी टाळ्या वाजवीन."

"बों," इझाबेल म्हणाली. त्याचा अर्थ ठीक आहे असा होतो. सूर ठीक नव्हता.

शुक्रवारी पश्चिमेचा वारा सांगितला होता. सकाळी निघालो. वाटेतल्या गावांत मेनोनाइट पंथाचे लोक राहतात. मोटार वापरत नाहीत. काळ्या घोडागाड्या हमरस्त्याच्या कडेने दुडक्या चालीने जातात आणि मागच्या मोटारी मुकाट्याने वेग कमी करतात. कोणी भोंगा वाजवत नाही. आपल्याकडे बैलगाडीमागे ट्रक असता तर बैलाला आधीच बहिरेपण आले असते.

"पाहा बाबा," तेजस म्हणाला, "यांचं चाक कोणत्या बोगद्यात टेस्ट केलं असंल?"

"घोड्याला विचार," केतकी म्हणाली. वाटेत ती एवढेच बोलली.

ह्युरॉनला ते लेक म्हणतात. पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, फुटतात, वाळू आहे, समुद्रपक्षी आहेत. फक्त वाऱ्याला मिठाचा वास नाही. मी पाणी हातात घेऊन चाखले. गोडे. कोयनेचे धरण मी मोठे मानत आलो होतो. मी हात पुसला आणि पुन्हा गाडीत बसलो.

शर्यतीचा रस्ता काठाला समांतर, उत्तर-दक्षिण, सरळ. दोन्ही अंगांना शेते. पश्चिमेकडे बराच वेळ उभा मका होता, वाळलेला, माणसाहून उंच. त्याच्या आडोशात वारा जाणवतच नव्हता. मग मका एकाएकी संपत होता आणि पुढे कापणी झालेले सोयाबीनचे शेत सरोवरापर्यंत उघडे पडले होते. केतकीने तिथे गाडी थांबवायला लावली.

"इथे," ती म्हणाली. "मक्याच्या शेवटच्या ओळीपाशी वाऱ्याचा कोन शून्यावरून एकदम त्या वाईट कोनावर जाईल. दोन हिसके लागतील, उलटसुलट. पहिला वाऱ्याकडे."

गॉर्डनने मिशीवरून हात फिरवला. "इतकं नेमकं?"

"चुकलं तर तितकंच नेमकं चुकेल."

मी वारा अजमावायला मक्याच्या आडून दोन पावले पुढे गेलो. माझी टोपी गेली. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या शेतातून घरंगळत पूर्वेकडच्या कुंपणापर्यंत जाताना आम्ही सर्वांनी पाहिली. तेजस तिच्यामागे धावला, दोनदा तिच्यावर झेपावला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने उठला. इझाबेल खळखळून हसली. दिवसभरात तेवढेच.

आधी ती साध्या, उथळ रिमेच्या चाकावर गेली. दुरून आली, खाली वाकलेली, मक्याच्या कडेला पोचली, वारा लागला. सायकल थोडी कलली आणि सरळ निघून गेली. मग गॉर्डनने स्वतः नवे चाक सायकलच्या पुढच्या चिमट्यात बसवले, फिरवून पाहिले, कान लावून ऐकले. समोरून मोटार येते का पाहायला तो पुढे जाऊन उभा राहिला. केतकी मक्यापाशी माझ्या शेजारी होती. तिचे हात तिने काखेत धरले होते.

"तिला म्हणालेय, अर्ध्या वेगानेच ये," ती म्हणाली.

ती अर्ध्या वेगाने येत नव्हती हे लांबूनही दिसत होते.

चाक आडोशात नि:शब्द चालत होते. शेवटची ओळ आली. हँडल डावीकडे, वाऱ्याकडे, कोणी खांदा धरून ओढावा तसे गेले. तिने ते सावरते न सावरते तोच उजवीकडे. सायकल रस्त्याचा अर्धा पट्टा तिरपी कापत गेली. पुढचे चाक डांबर सोडून कडेच्या गवतात उतरले. गवत होते, खडी नव्हती. दोन-तीन धक्के, एक पाय सुटलेला, मग ती थांबली. पडली नाही. तिच्याजागी दुसरा कोणीही पडला असता.

केतकी धावली नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मी मक्याच्या त्या शेवटच्या ताटांकडे पाहिले. इथे, या ओळीपाशी, जे घडले ते मॉन्ट्रियलमधल्या कुठल्याशा खोलीत आधी घडून गेले होते, त्याच क्रमाने, ज्यांना केवळ शेजारी ठाऊक अशा कप्प्यांत. देवळात जाण्याची सवय मला नाही. अशा वेळी माणसे काय करतात ते ठाऊक आहे. मी पायातल्या जोड्याकडे पाहिले आणि उभा राहिलो.

इझाबेल सायकल हाताने ढकलत आली.

"पहिला वाऱ्याकडे," ती म्हणाली.

"हो," केतकी म्हणाली.

"आणि कुठल्याही वेगाला?"

"तुझ्या वेगाला. तू पन्नास किलोचीसुद्धा नाहीस. गॉर्डनला कदाचित नुसती थरथर वाटेल."

गॉर्डन आला होता. त्याने चाक काढले. माझा अंदाज होता की तो वाद घालील. चाकाच्या साच्यावर त्याने बराच पैसा लावला होता. त्याने विचारले ते इतकेच: "रिम बदलावी लागेल की फक्त कडा?"

"कडा. बहुतेक. हिवाळाभर हिशेब चालवून पाहावं लागेल."

"चालव," तो म्हणाला आणि चाक त्याने आपल्या कोटात गुंडाळून गाडीत ठेवले. वाऱ्यात तो कुडकुडत परतला.

इझाबेल मात्र चाकाकडे पाहत राहिली. "रविवारी वारा नसला तर?" तिने विचारले. तिने ते बहुधा स्वतःलाच विचारले होते, आणि उत्तर रविवारी सकाळपर्यंत तिच्याजवळच राहिले. साधे आणि नवे, दोन्ही चाके तिने मागून घेतली. गॉर्डन नवे द्यायला तयार नव्हता, पण केतकी म्हणाली, "द्या. रस्ता तिचा आहे."

रविवार

केतकीने पहाटे उठून थालीपिठे लावली. भाजणी मी कराडहून नेली होती. तेजस गाडीत ठेवता ठेवता दोन खाऊन मोकळा झाला आणि हवामान खात्याचा अंदाज वाचू लागला. वारा होता. पश्चिमेचा, पण सांगितला होता त्याहून मंद.

"मध्येच अडकवलं ना बाप्पा या वाऱ्यानं," तो म्हणाला. "यायचं तर ये, नाही तर राहा."

शर्यतीत एकेकीला थोड्या थोड्या अंतराने सोडतात. त्यामुळे कोण पुढे हे पाहणाऱ्याला कळत नाही. प्रत्येकीची लढत घड्याळाशी. प्रेक्षक घरच्या खुर्च्या घेऊन येतात, ब्लँकेट पांघरून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकीसाठी, ती कोणाचीही असो, गाईच्या गळ्यातली घंटा वाजवतात. परक्याच्या मुलीसाठी इतक्या जोराने घंटा वाजवणारे लोक पाहून मला बरे वाटले. एका वृद्धेने मलाही एक घंटा दिली. मी ती वाजवली.

आम्ही मक्याच्या त्याच कडेला उभे होतो, गॉर्डनही. खोल रिमेची चाके लावलेल्या दोघी-तिघी कडेला येताच हेलकावत गेल्या. त्यांची चाके निराळ्या घडणीची होती, हिसकत नव्हती. एकीने ब्रेक लावला. मग दूरवर इझाबेलचे निळे शिरस्त्राण दिसले. केतकीने डोळे बारीक केले. चाक कोणते, हे एवढ्या अंतरावरून कळणे शक्य नव्हते. आवाजावरून कळते, असे गॉर्डन म्हणाला आणि त्याने कान पुढे केला.

आधी तोच हसला. मग आम्हाला दिसले. रिम उथळ होती. आऱ्यांमधून मागचे शेत दिसत होते. मक्याची कड आली, वारा लागला, ती जराशी कलली आणि डोके न उचलता, ब्रेकला न शिवता निघून गेली. मी घंटा वाजवत राहिलो. ती केव्हाच दिसेनाशी झाली होती. तेजसने माझा हात धरला.

निकाल लागला तेव्हा ती चौथी होती. नावे तिघींची जाणार होती.

केतकी गाडीच्या मागच्या दाराशी डबा मांडीवर घेऊन बसली. ती इझाबेलकडे जात नव्हती, आणि मीही तिला जा म्हणालो नाही. इझाबेलच आली. चेहऱ्यावर घाम वाळून मीठ झालेले. ती केतकीच्या शेजारी बसली, तिने डब्यातले एक थालीपीठ उचलले आणि संपवले.

"ते चाक असतं तर?" मग तिने विचारले.

केतकीने डब्याचे झाकण बाजूला ठेवले. आजचा वारा तिने मोजला होता. हिशेब तिच्या डोक्यात असणारच. "खरं सांगू? माहीत नाही. आजचा कोन बरोबर सीमेवर होता. कदाचित तू दुसरी आली असतीस. कदाचित त्या शेतात असतीस."

इझाबेलने वळून सोयाबीनच्या त्या उघड्या शेताकडे पाहिले. वारा खुंटांवरून येत होता आणि आमच्या तोंडाला लागत होता. पडद्यावर असता तर त्याला रंग असता.

"शेतात नाहीये मी," ती म्हणाली. "इथे आहे." आणि डबा स्वतःकडे ओढून घेऊन तिने दुसरे थालीपीठ काढले.